पदवीधर सहवैमानिक

कॅप्टनने माईक तोंडाशी धरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलायला सुरुवात केली. बाबा मागे तिसऱ्या रांगेत बसले होते.

"...आणि माझ्या मदतीला आहेत आपले सहवैमानिक. विद्यापीठाचे पदवीधर, विमानशास्त्रात सुवर्णपदक."

उजव्या खुर्चीतला सहवैमानिक त्याचा सख्खा थोरला भाऊ होता.

"कॅप्टन, उतरायला घ्यायला हवं," थोरला म्हणाला.

धाकट्याने हात वर करून त्याला थोपवलं. हा घास त्याला चवीने खायचा होता. बारावीनंतर तो थेट फ्लाइंग स्कूलला निघाला, तेव्हा बाबा म्हणाले होते, पदवीवाचून पायलट म्हणजे हवेतला ड्रायव्हर. थोरला खो खो हसला होता. पुढे तो पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत भरती थंडावली. आणि कंपनीत मान वयाचा नसतो, आधी रुजू झालेल्याचा असतो. ड्रायव्हर आज डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत होता. त्याने हवामान सांगितलं, पदवीधरांचे पुन्हा एकदा आभार मानले.

त्या नादात उतरायला उशीर झाला. त्याने विमानाचं नाक खाली दाबलं, वेग मोडायला पंखांवरचे एअरब्रेक उघडले. धावपट्टी समोर आली तरी वेग काही कमी होईना.

"वेग जास्त आहे."

"होतोय कमी."

"गो-अराउंड," थोरला म्हणाला.

दोघांपैकी कुणीही हे म्हटलं की वाद न घालता उतरणं सोडून पुन्हा वर जायचं असतं. धाकट्याने दात आवळून थ्रॉटल पुढे ढकलले. विमान पुन्हा वर निघालं. मागे कुणीतरी किंचाळलं.

जरा वर आल्यावर थोरल्याने माईक उचलला. धाकट्याच्या मानेवर घाम आला. आता हा सगळ्यांदेखत उट्टं काढणार.

"धावपट्टीवर पक्ष्यांचा थवा होता. कॅप्टननी वेळीच विमान वर घेतलं. काळजी नसावी."

दुसऱ्या खेपेला विमान अलगद टेकलं. प्रवासी उतरल्यावर बाबा कॉकपिटच्या दारात आले. त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चुकलो रे मी. पदवीत काय ठेवलंय? अंगात असावं लागतं." मग थोरल्याकडे वळून, "शीक जरा याच्याकडून."

"शिकतोय, बाबा."

बाबांची पावलं दूर गेली.

"दादा, खरं का नाही सांगितलंस?"

"तुला हेच ऐकायचं होतं ना त्यांच्या तोंडून?" थोरल्याने पट्टा सोडला. "आता जन्मभर ऐक."