दिसायला बरी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण माझ्याबद्दलच्या खऱ्या गोष्टी लपवून ठेवल्या की काय होते ते मी भोगले आहे. आज मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या अंगणात उभी आहे. माझ्या मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे आहेत, चाकांतली हवा गेली आहे आणि टपावर मांजर झोपते. माझा आकाशी रंग मात्र अजून चकचकीत आहे. त्या रंगाचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक तपासनीस बाई होती. तिने माझे पुढचे दार सात वेळा उघडले, सात वेळा लावले, आणि मग म्हणाली, "हं, आता कुठं नीट बसलं." तेव्हा मला तिचा वैताग आला होता. किती ती चिकित्सा, बाई! आज तिची फार आठवण येते. तिच्यानंतर मला विकत घेताना कोणी इतक्या बारकाईने पाहिलेच नाही, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

माझे पहिले मालक भूगोलाचे मास्तर होते. सकाळी चावी फिरवली की ते लगेच निघत नसत. "थांबा जरा, तिला घसा खाकरू दे," असे म्हणून मागे बसलेल्यांना गप्प करायचे. त्यांच्याकडे एक निळी वही होती. तेल कधी बदलले, कुठे खरचटले, सगळे ते त्या वहीत लिहीत. एकदा फाटकाला माझी कड घासली, तर वहीत लिहिले, 'चूक माझी, गाडीची नाही.' असा मालक नशिबाने मिळतो. तेरा वर्षे मी त्यांच्याकडे सुखात काढली. मग त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला, वहीसकट, आपल्या जावयाच्या स्वाधीन केले. जावई म्हणजे दहावा ग्रह असे म्हणतात. मला वाटायचे, लोक उगाच काहीतरी बोलतात.

जावई बोलायला मधासारखा गोड होता. शेजाऱ्यांची पिशवी उचलायचा, लिफ्ट धरून ठेवायचा. तो राहायचा त्या इमारतीच्या तळघरात मला ठेवलेले असे. एके दुपारी तिथली पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. बघता बघता पाणी माझ्या चाकांवरून सीटवर, सीटवरून स्टिअरिंगपर्यंत चढले. दोन दिवस मी त्या गढूळ पाण्यात उभी होते. विमा भरायचा जावयाकडून राहून गेला होता. पाणी उपसल्यावर त्याने मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने चटई उचलली, वास घेतला आणि मान हलवली.

"साहेब, हिची आशा सोडा. पुसूनबिसून सुरू करून देतो, महिनाभर धावेलही. पण आतल्या वायरी कुजत जाणार. कधी, कुठल्या रस्त्यात दगा देईल, मी सांगू शकत नाही. सुटे भाग विका नि मोकळे व्हा."

जावयाने माझ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "पण दिसायला बरी आहे की!"

झाले. मला नवे सीटकव्हर चढले, नवा गालिचा आला, अंगावर रंगाचा हात फिरला. कुजका वास मारायला आरशाला सुगंधी डबी टांगली. मग त्याने मोबाईलवर जाहिरात टाकली. 'मास्तरांनी तेरा वर्षं जीव लावून, एकहाती वापरलेली गाडी.' सोबत निळ्या वहीच्या पानांचे फोटो. त्यात एक शब्द खोटा नव्हता, मित्रांनो! वही पाण्याच्या आधीच संपली होती, एवढेच. माझ्या चांगल्या दिवसांचे त्याने गळाला आमिष लावले.

ते आमिष लागले फार दूर, ट्रकने दोन दिवसांच्या वाटेवर. तिथे ही बाई शाळांचे गणवेश शिवत होती. तिची सात वर्षांची मुलगी जन्मापासून ऐकू शकत नाही. चाळीस किलोमीटरवर अशा मुलांची शाळा होती आणि दोन वर्षे वाट पाहिल्यावर तिथे पोरीला जागा मिळाली होती. पण सकाळची एकुलती एक बस तिथे पोचेपर्यंत अर्धी शाळा संपायची. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितले होते, "तीन महिने बघू. रोज आली तर जागा तिची. खाडे झाले तर मला रांगेतल्या पुढच्या मुलाला बोलवावं लागेल." म्हणून गाडी हवी होती. हौस म्हणून नाही.

बाईचा थोरला भाऊ ट्रक चालवतो. त्याला ती अण्णा म्हणते. अण्णाने तिला नीट समजावले होते, "त्या शहरात माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे. तो सकाळी जाईल, गाडी थंड असताना. चटया उचलेल, सीटचे पट्टे ओढून बघेल, नंबर कागदांशी ताडेल, एक चक्कर मारेल. मग दे पैसे. भीड भिकेची बहीण असते, लक्षात ठेव."

जावयाने व्हिडिओ कॉल लावला तो माझ्यात बसूनच. त्याआधी वीस मिनिटे मला सुरू ठेवून तापवले होते. मग बंद केले, कॉल लावला आणि तिच्यासमोर चावी फिरवली. मी एका झटक्यात सुरू झाले. मला खोकायचे होते हो! पण तापलेल्या इंजिनाला खोकला येत नाही. त्याने कॅमेरा सीटवर फिरवला.

"अगंबाई, शिवण किती सुबक आहे!" ती म्हणाली. आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला शिवण दिसली, पण जुन्या गाडीला कोरी शिवण कशाला, हे तिने विचारले नाही.

मग ती चाचरत म्हणाली, "दादा, एक बोलायचं होतं. आमचे अण्णा म्हणतात, एक मिस्त्री पाठवून बघून घ्यावं..."

जावयाने चेहरा पाडला. ते त्याला फार छान जमायचे. मग म्हणाला, "पाठवा की ताई, आजच पाठवा. माझं काय जातंय? वाईट इतकंच वाटतं, की तोंडानं दादा म्हणता नि घराची झडती घेता."

"अहो, नाही हो दादा! तसं नाही. राहू दे, राहू दे. बरं नाही दिसत ते."

बरं नाही दिसत! मी दिसायला बरी, आणि विचारणे बरे दिसत नाही. घरचा अण्णा बाजूला राहिला आणि फोनवरचा दादा खरा ठरला. त्या संध्याकाळी तिने सगळे पैसे पाठवले. अण्णाला कळले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "दादा म्हणायचं नि मिस्त्रीही पाठवायचा गं. त्यात काय बिघडलं असतं?"

मी ट्रकवरून अंगणात उतरले, तेव्हा पोरीने दोन्ही तळवे माझ्या बॉनेटवर ठेवले. आईने मला सुरू केले आणि पोर खुदकन हसली. तिला माझा आवाज ऐकू येत नव्हता, पण माझी थरथर हाताला कळत होती. त्या दिवसापासून शाळेत जाताना ती एक तळवा माझ्या डॅशबोर्डवर ठेवूनच बसायची. ते तीन आठवडे, खोटे कशाला बोलू, मास्तरांच्या तेरा वर्षांपेक्षाही मला मोलाचे वाटतात. मला वाटू लागले होते, की मिस्त्री चुकला असेल.

एके सकाळी पोरीने हात झटकन काढून घेतला. आईकडे बघून तिने तळवा वाकडातिकडा हलवला. काहीतरी वेगळे थरथरते आहे, असे ती सांगत होती. आईने कान देऊन ऐकले. तिला काही जाणवले नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी वीटभट्टीजवळच्या चढावर मी बंद पडले. दुरुस्त झाले, पुन्हा पडले. कधी दिवे जात, कधी चावीच फिरत नसे. शाळेच्या हजेरीपटावर पोरीच्या नावापुढे खाडे वाढत गेले. त्या प्रत्येक खाड्याला कारण मी होते.

अशीच एकदा रस्त्याकडेला गॅरेजवाल्याची वाट बघत उभी असताना पोर सीटच्या पट्ट्याशी खेळत होती. ती तो ओढत गेली, ओढत गेली, पार शेवटपर्यंत. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. त्याला कोणी धुतले नव्हते, कारण तिथवर कोणी ओढतच नाही. पोरीने बोट लावले, वास घेतला, आईची बाही ओढली आणि खूण केली, पाणी. मग हात छातीपर्यंत वर नेला. इथपर्यंत पाणी.

आईने पिशवीतून कात्री काढली आणि माझा नवा गालिचा कोपऱ्यात फाडला. खाली वाळका गाळ निघाला. ती तिथेच रस्त्यावर बसली आणि तिने फोन लावला.

"दादा, गाडी पाण्यात होती?"

"मॅडम," जावई म्हणाला, "गाडी जशी होती तशी दिली. मिस्त्री नको असं तुम्हीच म्हणालात."

ताईची मॅडम झाली, तेव्हाच तिला सगळे कळले. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

तीन महिने पुरे होताच मुख्याध्यापिकाबाईंचे पत्र आले. जागा रांगेतल्या पुढच्या मुलाला दिली होती. बाईंचा राग तरी कसा करायचा? तो मुलगाही कोणाच्या तरी पोटचाच.

मित्रांनो, मला कोणी दोष देत नाही, पण मी देते. चांगल्या दिसण्याला भुलू नका. लांबची वस्तू घेताना समोरच्याला दादा म्हणा, मामा म्हणा, काका म्हणा, पण आधी आपला माणूस पाठवा. तो सकाळी जाऊ दे, चटया उचलू दे, पट्टा शेवटपर्यंत ओढू दे. ज्याला खरेच काही लपवायचे नाही, त्याला त्याचे वाईट वाटत नाही. मास्तरांना कधीच वाटले नसते.

पोर अजून रोज सकाळी दप्तर घेऊन माझ्यात येऊन बसते. डॅशबोर्डवर तळवा ठेवते आणि वाट बघते. मग खिडकीतून आईकडे बघून गालाखाली हात घेते आणि भुवया उंचावते. झोपली का?

आई मान डोलावते, झोपली, आणि शिवणयंत्रावर खाली वाकते. मी उठले की शाळा सुरू होणार, असे पोरीला वाटते. जागा गेली, हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही.