न पिणाऱ्या माणसाची काठी

मी बोलतेय, अब्दुल्लाभाईंची वेताची काठी. पनवेलच्या बाजारात छत्र्यांशेजारी टांगलेली होते. चालताना नवरा भिंती धरू लागला, तेव्हा नूरुन्निसा मला घरी घेऊन आली.

अब्दुल्लाभाईंनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण कुवेतमधली त्यांची नोकरी गेली, ती पिऊन कामावर येतो म्हणून. जिथं दारूला बंदी, तिथं हा आरोप! पनवेलला परतल्यावर मोहल्ल्यानं तोच पुढे चालवला. पाय लटपटायचे, जीभ अडखळायची. लोक सलाम करायच्या निमित्तानं जवळ येत आणि तोंडाचा वास घेत. वास यायचा नाही, तेव्हा म्हणत, माणूस हुशार आहे.

मग पिढीजात आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर चारुता भेटल्या. त्यांनी मला बाजूला ठेवून अब्दुल्लाभाईंना सरळ रेषेत चालायला सांगितलं. ते लगेच कोलमडले. बाईंनी रक्त घेतलं आणि काही महिन्यांनी बोलावून सांगितलं, की एका जनुकात तीच अक्षरं नको तितक्या वेळा लिहिली गेली आहेत, म्हणून लहान मेंदूला तोल सांभाळता येत नाही.

अब्दुल्लाभाईंचा चेहरा उजळला. आजार निघाला म्हणून इतका खूश झालेला माणूस बाईंनी पाहिला नसावा. आता मोहल्लाभर सांगतो, म्हणाले. तेव्हा बाईंनी पुढचं सांगितलं. हा दोष मुलांमध्ये उतरण्याची शक्यता निम्मी असते.

घरी आल्यावर नूरुन्निसा हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नका. आपल्या हादियाचं लग्न जमतंय. शराबी बापाच्या मुलीला रिश्ता मिळतो. रक्तातल्या बीमारीला कोण विचारतो?"

निर्दोष ठरलेला माणूस मुलीसाठी पुन्हा दारुडा झाला.

पाहुणे आले. मुलाचे वडील मोठ्या मनाचे. तुमच्या सवयीबद्दल कानावर आलंय, पण आम्ही ते मनावर घेत नाही, म्हणाले. अब्दुल्लाभाईंची माझ्यावरची पकड घट्ट झाली. ते शुक्रिया म्हणणार, तोच हादियानं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"अब्बा पीत नाहीत. त्यांना आजार आहे. तो मलाही असू शकतो."

तेवढं मोठं मन पाहुण्यांकडे नव्हतं. चहा तसाच राहिला.

नूरुन्निसा बरेच दिवस लेकीशी बोलली नाही. अब्दुल्लाभाईंनी मात्र विचारलं, माझ्यासाठी कशाला बोललीस?

"फक्त तुमच्यासाठी नाही, अब्बा. उद्या माझे पाय लटपटले, तर मलाही तेच म्हणतील ना?"

स्वतःची चाचणी करायची की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही.

आता मी टोकाला झिजले आहे. वडाळे तलावापर्यंत आम्ही रोज जातो. वास घ्यायला तोंडाशी येणारे लोक हल्ली लांबून सलाम करतात. आजार लागेल म्हणे. तो असा लागत नाही हो. भेटलात तर जवळ या. मी त्यांचा एकच हात धरू शकते. दुसरा रिकामाच असतो.