बिनइंजिनाचा लांडगा

वांगगोंग गावच्या किनाऱ्यावर बिंगहाय कधी पायी दिसला, तर लोक हमखास विचारत, "का रे, लांडगा आजारी पडला का?"

लांडगा म्हणजे त्याची मोटरसायकल. कंपनीनेच तिचं नाव तसं ठेवलेलं, आणि गावात तिला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. आधी बिंगहायच्या बापाने त्या लांडग्यावरून घरोघर गॅसच्या टाक्या पोचवल्या, बाप थकल्यावर त्याने. मागच्या लोखंडी कॅरियरला दोन टाक्या बांधायच्या आणि समुद्राचं वारं आडवं झोडपत असताना बांधावरून गाडी सरळ ठेवायची, हे काम त्याने अर्धं आयुष्य केलं. मग गॅसवाल्या मालकाने एक छोटा ट्रक घेतला, बिंगहाय ट्रकच्या स्टिअरिंगवर बसला आणि लांडगा मोकळा झाला.

तेव्हापासून त्याने बेत आखायला घेतला. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर भिंतीला होतं, त्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर तो जेवता जेवता चित्रं काढी. कॅरियर कापून टाकायचा. लांब, सपाट सीट करायची. हँडल खाली घ्यायचं. पुढे लहान गोल दिवा, पेट्रोलची टाकी गर्द हिरवी. आणि मग सूयेनला मागे बसवून सगळ्या बेटाला एक फेरी मारायची, पूर्वेच्या कड्यांवरून, सावकाश.

सूयेन त्याची बायको. ती नणंदेच्या शेडमध्ये दिवसभर कालवं फोडायची. हाताला कालवांचा वास कायमचा बसलेला.

"तुझ्या या लांडग्यापायी माझी किती कालवं जाणार, ते एकदा सांगून टाक," ती म्हणे.

"फार नाही. नवीन काही घ्यायचंच नाहीये मुळी. टाकी भंगारातली बघून ठेवलीय, एकच पोचा आहे. सीट मामेभाऊ शिवून देतोय, सोफ्याच्या उरलेल्या कातड्यातून."

"म्हणजे मी बेटभर सोफ्यावर बसून फिरणार."

"राणीसारखी."

गॅरेज लाउकाउचं. लाउकाउ म्हणजे म्हातारं माकड. शाळेत पडलेलं नाव, आता त्याच्या बायकोलाही खरं नाव आठवून सांगावं लागे. बिंगहायचा तो लहानपणापासूनचा दोस्त. त्याने कॅरियर कापला, गाडी खोलली, इंजिन उतरवून पाहिलं आणि मान हलवली. आतलं सगळं झिजलं होतं. चित्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा इंजिनच महाग पडणार होतं.

"मग ते शेवटी करू," बिंगहाय म्हणाला. "तोवर साठवतो."

त्याच हिवाळ्यात त्याच्या हातातून गॅसची टाकी निसटली. मग पुन्हा एकदा निसटली. आधी वाटलं खांदा धरलाय. मलमं झाली, सुया टोचून घेणं झालं. शेवटी शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांना डॉक्टरीणबाईंनी आपल्यासमोर बसवलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की हा नसांचा आजार आहे, एकेक स्नायू कामातून जात राहील, आणि याला औषध नाही.

घरी आल्यावर बिंगहायने कॅलेंडरचं पान फाडलं आणि पेन घट्ट धरण्यासाठी दुसऱ्या हाताचा आधार घेतला.

"हँडल खाली नको," तो म्हणाला. "मनगटावर भार येतो. उंचच ठेवू."

सूयेन भाताच्या भांड्यापाशी पाठ करून उभी राहिली, बराच वेळ.

बेत तिथून पुढे असाच बदलत गेला. डाव्या हाताला क्लच ओढवेना, तेव्हा त्याने लिव्हर उजवीकडे न्यायचं चित्र काढलं. पायाने गिअर पडेना, तेव्हा हाताने टाकायच्या दांड्याचं. पाय जमिनीवर धड टेकेनात, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं.

"आता लाउकाउला सांग, कुणी गिऱ्हाईक आलं तर विकून टाक."

"विकायचं नाही," सूयेन म्हणाली. "मी चालवीन. तू शेजारी बस. साइडकार लावू."

"मी?" तो हसला, पण डोळ्यांपर्यंत हसू गेलं नाही. "इतकी वर्षं मी टाक्या बांधून नेल्या. आता मला बांधून नेणार?"

"नेणार."

"मी सामान नाहीये, सूयेन."

"मग काय आहेस? सांग ना. रोज उचलून न्हाणीघरात नेते, तेव्हा काय असतोस?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कापल्यासारखं झालं. दोन दिवस तो तिच्याशी मोजकंच बोलला. मात्र त्या दिवसांत ती शेडमधून सुटली की लाउकाउच्या जुन्या गाडीवर बांधावर गिअर शिकत होती, हे त्याला बहिणीकडून कळलं. स्कूटरपलीकडे तिने कधी काही चालवलं नव्हतं. एका संध्याकाळी ती गुडघा खरचटून घरी आली.

बिंगहायने गुडघ्याकडे पाहिलं. "क्लच एकदम सोडलास."

"हो."

"हळू सोडायचा. चावा लागल्यासारखं वाटतं, तिथे थांबायचं." मग जरा वेळाने, "त्या माकडाला सांग, कापलेला कॅरियर फेकू नकोस म्हणावं. साइडकारचा सांगाडा त्यातूनच निघेल. फुकटात."

सांगाडा निघाला. चाक स्कूटरचं, बसायची जागा सोफ्याच्या कातड्याची, डोकं टेकायला उंच पाठ. पण साठवलेल्या पैशांत घरही चालवायचं होतं, आणि घराला आता वेगळ्याच वस्तू लागत होत्या. वरखाली होणारा पलंग आला, तेव्हा हिरवा रंग गेला. कफ ओढायचं यंत्र आलं, तेव्हा गोल दिवा गेला. जुनाच तडकलेला दिवा परत लावला. मग त्याला आडवं झोपलं की श्वास लागू लागला आणि भाड्याने श्वासाचं मशीन आणायची वेळ आली.

आता काय गाळायचं हे सूयेनला त्याला विचारवेना. त्यानेच सांगितलं. जीभ जड झाली होती, शब्द चिकटून येत, ते फक्त तिलाच कळत.

"इंजिन गाळ."

"इंजिन गाळून काय राहतं?"

"पेट्रोल वाचतं," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. ती त्याची पाठ चोळत राहिली. आपण रडतोय की हसतोय ते तिलाही कळेना.

नवीन वर्षाच्या आधी एक दिवस असा उगवला की वारं पडलं होतं. त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात असं सहसा होत नाही. लाउकाउ सकाळीच दारात आला, लांडगा ढकलत. साइडकार जोडलेली, आणि इंजिनाच्या जागी नुसता पोकळ चौकोन, त्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता.

"वहिनी, आजच नेऊ," तो म्हणाला. "उद्याचं वारं कसं असेल, सांगता येत नाही."

दोघांनी बिंगहायला उचलून साइडकारमध्ये बसवलं. तो केवढा हलका झाला होता ते लाउकाउला तेव्हा कळलं, आणि त्याने तोंड फिरवलं. सूयेनने रजई गुंडाळली, छातीवरून पट्टा घेतला. मग ती सीटवर बसली, हँडल धरलं, आणि लाउकाउ मागून ढकलू लागला.

बांधावर चढताना तिनेही उतरून ढकललं. वर पोचल्यावर ती परत सीटवर बसली; रस्ता सरळ होता. एका बाजूला ओहोटीची चिखलाची मैदानं, त्यात कालवांच्या रांगा, दूरवर पवनचक्क्या थांबलेल्या. लाउकाउ धापा टाकत होता. टायरांच्या करकरीशिवाय कसला आवाज नव्हता.

मग तो आवाज आला. बिंगहाय घशातून काढत होता, बारीक, कापरा. सूयेनला आधी वाटलं, श्वास अडकला. तिने घाबरून खाली पाहिलं. त्याचे डोळे पुढच्या रस्त्यावर होते. आवाज चढत गेला, एका ठिकाणी तुटला, आणि पुन्हा खालून सुरू झाला.

तो गिअर बदलत होता.

सूयेनने डाव्या हाताने क्लच ओढला. त्याला वायर जोडलेली नव्हती. पुन्हा आवाज तुटला, तिने पुन्हा ओढला आणि हळू सोडला, त्याने शिकवल्यासारखा. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पण तिने पाहिलं होतं की तो पाहायला निघाला होता. बांधाच्या टोकाच्या देवळापर्यंत ते असेच गेले. त्यांची बेटाची फेरी तेवढीच झाली.

नवीन वर्ष त्याने पाहिलं. त्यानंतर फार दिवस नाही.

उन्हाळ्यात लाउकाउने तिला न विचारता एका मोडक्या गाडीचं इंजिन लांडग्याला बसवलं. ते चालू करून तो दारात आला तेव्हा सूयेन हात न पुसताच बाहेर आली.

"तुला घ्यायची नसेल तर नेतो परत," तो म्हणाला.

तिने गाडी घेतली. साइडकार काढू का, असं त्याने विचारलं, त्यावर नाही म्हणाली.

"मग एक ऐक, वहिनी. रिकामी असली की उजव्या वळणाला तिचं चाक उचललं जातं. गाडी उलटेल. आत वजन ठेवावं लागतं. वाळूचं पोतं ठेव."

वजन बिंगहायएवढं हवं, हे सांगायच्या बेतात तो होता, ते गिळून गेला.

सूयेनने वाळू भरली नाही. शेडमागून कालवांच्या शिंपांचं एक पोतं आणलं, कातड्याच्या सीटवर टेकवलं, पट्टा लावला. बांधावर सगळं ठीक गेलं. गिअर पडत होते, क्लच जिथे चावायचा तिथे चावत होता. देवळापाशी ती उजवीकडे वळली, तेव्हा पट्ट्यातून पोतं कलंडलं आणि साइडकारच्या कडेवर जाऊन आदळलं.

"सांभाळून, लागेल," असं म्हणत तिने हात पुढे केला आणि ते सावरून धरलं.

मग तिने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. नेणंआणणं, औषधं, अंत्यसंस्कार, पाहुणे, या सगळ्यात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नणंद त्यावरून बोललीही होती. आता ती रस्त्याच्या कडेला, शिंपांच्या पोत्यावर हात ठेवून, मोठ्याने रडली. चिखलात कालवं वेचणाऱ्या बायका उभ्या राहून पाहू लागल्या. त्यातली एक बांधाकडे यायला निघाली.