प्रवचनातलं जॅकेट

लढाईतून पळून आलेल्या लोकांना चर्चचा मागचा हॉल द्यायचं ठरलं, तेव्हा कमिटीतल्या कुरकुर करणाऱ्यांची समजूत पाळकांनीच काढली होती. रविवारी दुपारी ते लोक तिथे आपल्या भाषेत उपासना करायचे. ओळखी वाढल्या, जाणंयेणं सुरू झालं, आणि पुढे त्यांच्या गावाकडच्या चर्चशीही भागीदारी जुळली. तिथलं छप्पर तोफगोळ्याने उडालं होतं. लढाई थांबली तेव्हा ते नव्याने घालायला इथल्या मंडळीने हात द्यायचा, आणि पाळकांनी जाऊन सगळ्यांना भेटून यायचं, असं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या लोकांतली शिलाईताई आली. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला होती. मंडळीतल्या निम्म्या लोकांच्या पँट्स तिनेच आखूड केलेल्या. गावी राहिलेल्या आईसाठी तिने निळा कोट शिवून आणला होता. तो देऊन झाला तरी ती उठेना.

"पाळकसाहेब, माझ्या भावाचं आईला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"आमची होडी उलटली, त्यात तो गेला. आईला मी सांगितलंय, तो लांब कामाला आहे, तिथे फोन लागत नाही. मला परत जायची परवानगी मिळाली की तिच्याजवळ बसून सांगीन. फोनवर माझ्याच्याने होत नाही."

"माझ्या पोटात राहील," पाळक म्हणाले. "तुम्ही निर्धास्त राहा, ताई."

गावात त्यांचं स्वागत जोरात झालं. चर्चच्या भिंती उभ्या होत्या, वर ताडपत्री बांधलेली. शिलाईताईच्या आईने कोट तिथल्या तिथे अंगात घातला, शिवण उलटून पाहिली आणि मान डोलावली. रविवारी ती तोच कोट घालून पुढच्या बाकावर बसली.

पाळकांचं प्रवचन गावचे शाळामास्तर वाक्यावाक्याने त्यांच्या भाषेत सांगत होते. पण रंग भरेना. वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती, मागे कुणी खोकत होतं, बायका पोरांना दटावत होत्या. एवढ्या लांबून आलो आणि कुणाच्या मनाला काही लागत नाही, हे पाळकांना खुपायला लागलं. घरच्या मंडळीत त्यांच्या प्रवचनाला लोकांचे डोळे भरून यायचे. आणि मग, नाव न घेता सांगितलं तर बिघडलं कुठे, असं स्वतःशी म्हणत त्यांनी सुरुवात केली.

"आमच्याकडे तुमची एक बहीण आहे. दिवसभर कपडे शिवते. तिची होडी समुद्रात उलटली, तेव्हा तिच्या भावाने अंगातलं लाइफ जॅकेट काढून एका लहान पोराला घातलं."

मास्तर थांबले. पाळकांकडे वळून हळूच म्हणाले, "हे सांगू?"

सगळे आता टक लावून बघत होते. खोकलासुद्धा थांबला होता.

"सांगा," पाळक म्हणाले.

मास्तरांनी सांगितलं. निळ्या कोटातली बाई जागची हलली नाही. शेजारणीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा पाळकांना कळलं, तिने आपल्या मुलाला ओळखलं होतं.

उपासना कशीबशी उरकली. बाई मास्तरांना घेऊन त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिचा एकच प्रश्न होता.

"ते पोर वाचलं का, विचारताहेत," मास्तर म्हणाले.

ते पोर नव्हतंच. जॅकेटही नव्हतं. होडी उलटली, त्यात तो गेला, एवढंच शिलाईताई म्हणाली होती. बाकीचं पाळकांनी बोलता बोलता जोडलं होतं.

"वाचलं," पाळक म्हणाले.

बाईने त्यांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. पाळकांना ते सोडवून घ्यायचं धाडस झालं नाही.

परतल्यावर ते घरी बॅग टाकून थेट दुकानात गेले. शिलाईताई मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही.

"आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "खूप रडली. मग म्हणाली, एवढं मोठं काम करून गेला तो, तू मला का नाही सांगितलंस?"

"ताई, मी शब्द मोडला."

"जॅकेटचं कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्यात कुणाकडेच नव्हतं."

"कुणी नाही. मीच रचलं."

मशीन थांबलं.

"मी तिला खरं कळवतो," पाळक म्हणाले. "मास्तरांना फोन करून आजच."

"नको." तिने दोरा तोडला. "त्या पोरासाठी ती रोज प्रार्थना करते. त्याचं नाव विचारत होती मला. तिच्याकडून तेही काढून घेणार का? एक गोष्ट मी लपवली होती. आता दुसरी लपवायची. तुम्हीसुद्धा लपवा."

ती उपासनेला येत राहिली. पाळकांना नमस्कार करायची, पण थांबायची नाही.

छप्पर पूर्ण झालं. उद्घाटनाला पाळकांनीच यावं, दाराशी जॅकेट देणाऱ्या त्या शूर मुलाच्या नावाची पाटी बसवणार आहोत, असा तिकडून निरोप आला. कमिटीत आनंदीआनंद झाला. पाळक म्हणाले, मी जाणार नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा. कारण विचारलं तर त्यांनी दुसरा विषय काढला. कबूल करायची सोय त्यांनी स्वतःसाठी ठेवलीच नव्हती.

"आपल्या पाळकसाहेबांना मोठेपणा नकोच असतो," खजिनदार कौतुकाने म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पाळकांना तेही ऐकून घ्यावं लागलं.