हवं, नको, लागलं तर

स्पीकरच्या कडेचा हिरवा दिवा, तांदळाच्या दाण्याएवढा, लागलेला होता. म्हणजे वीज पोचत होती, तार नीट होती, स्पीकरचा काही दोष नव्हता. तरी खोलीत आवाज नव्हता. पडद्यावर मात्र ओळींमागून ओळी सरकून गेल्या होत्या, प्रत्येकीपुढे 'ठीक', 'ठीक', आणि शेवटी ती लुकलुकणारी रेघ... दोन दिवसांची रजा, चार फसलेले प्रयत्न, आणि पाचव्यांदा त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेला कर्नेल, कॉम्प्युटरचा अगदी आतला गाभा, चालला होता! तो लहान पोरासारखा ओरडलाच होता, "ताई, चाललं!"

आणि पलीकडच्या खोलीतून ताई म्हणाली होती, "मग बोलत का नाही?"

कॉम्प्युटर ताईचा. नऊ वर्षांपूर्वी तिची नजर गेली तेव्हापासून पडद्यावरचं सगळं तो तिला वाचून दाखवायचा, एकसुरी, नाकातल्या आवाजात. सकाळी चहाच्या आधी हा आवाज सुरू व्हायचा आणि त्याच्या कपाळावर आठी पडायची — हे खरंच आहे, नाही कशाला म्हणू. आई गेल्यावर ताई त्याच्याकडे राहायला आली त्याला आता सात महिने होतील.

तो यादी उघडून बसला. गाभा बांधण्याआधी हजारो प्रश्न असतात, हे हवं का, ते हवं का, आणि उत्तरं तीनच. हवं. नको. किंवा वेगळं बांधून बाजूला ठेव, लागलं तर घेऊ. पहिल्या दिवशी त्यानं एकेक प्रश्न परीक्षेला बसल्यासारखा वाचला होता. दुसऱ्या दिवशी हात सैल सुटला. रेडिओची कार्डं? नको. कुठल्या जमान्यातले जॉयस्टिक? नको. नको म्हणण्यातही एक मजा असते, अडगळ काढताना येते तशी... आणि जागा पुरेना तेव्हा जुना, चांगला चालणारा गाभाही त्यानं पुसून टाकला. शहाणाच मी!

ती ओळ सापडली. न दिसणाऱ्यांसाठी पडदा वाचून दाखवण्याची सोय. नको.

चुकून राहून गेली असती तर बरं झालं असतं. पण त्याला लख्ख आठवत होतं. त्यानं ती ओळ वाचली होती, खालचा खुलासाही वाचला होता, आणि मनात म्हटलं होतं, आपल्याकडे कोणाला लागतंय हे! पुढच्या खोलीत ताई भाजी निवडत होती, देठ मोडल्याचा आवाज इथपर्यंत येत होता, आणि तो म्हणत होता, आपल्याकडे कोणाला... साधं 'लागलं तर'सुद्धा नाही.

'लागलं तर' हा शब्द त्याचाच. आईच्या मागे सगळे जमले असताना मामांनी विचारलं होतं, हिचं आता कसं? आणि तो म्हणाला होता, लागलं तर माझ्याकडे आहेच की. ताई तिथेच बसली होती. किती सोयीचं वाटलं होतं ते वाक्य त्या वेळी!

आणि हा सगळा उपद्व्याप तरी कशासाठी? ताई जिथे शिकवायची त्या शाळेनं आवारातली एक खोली तिला देऊ केली होती. कळवायचं होतं आज पाचपर्यंत. "राहू की जाऊ, तू सांग," असं तिनं सरळ विचारलं, तर हा म्हणाला, "आधी तुझा कॉम्प्युटर धड करून देतो, किती रखडतो तो." म्हणजे उत्तर द्यायला नको म्हणून मी तिचं तोंडच बंद करून ठेवलं.

भिंत चाचपत ताई दारात आली. पुढे होऊन तिच्यासाठी खुर्ची ओढावी हे त्याला सुचलं, पण ती बसल्यावर.

"काय झालं रे?"

"बोलण्याची सोय आत गेलीच नाही. परत बांधावं लागेल. तीन तास तरी."

"चुकून राहिली असेल."

तिनं पळवाट काढून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं की झालं. त्याचे कान तापले.

"नाही," तो म्हणाला. "वाचलं होतं मी. वाचून नको लिहिलं. तू... त्या वेळी माझ्या लक्षातच नव्हतीस."

ताई रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर त्याला हायसं वाटलं असतं. तिनं तेवढंही दिलं नाही. मग म्हणाली, "बरं. आता हवं लिही, आणि कर सुरू."

त्यानं लिहिलं. पंखा घरघरू लागला, ओळी धावू लागल्या. दोन वाजायला आले होते.

"तीन तास," ताई म्हणाली. "म्हणजे पाच होणार. शाळेला फोन करून कळवते मी, त्याला काही कॉम्प्युटर लागत नाही. तेवढं सांग. राहू का मी?"

'राहा' हा शब्द तयारच होता, तोंडात येऊनही बसला होता. पण तो कुठून आलाय, तिच्या ओढीतून की आत्ताच्या लाजेतून, हे त्याला कळेना. तिला मात्र कळेल. नऊ वर्षं ती माणसांना आवाजावरूनच ओळखत आलीय. ताई मान किंचित कलती करून, त्याच्याकडे कान लावून बसली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या आवाजाची भीती वाटली.