भाकरीपुढचं नाव

रामटेकचा बेत आमच्याच ओसरीवर ठरला, अन् माह्याच हातचा चहा पिऊन ठरला. म्हणून मले राग जास्त आला.

आमच्या मोहल्ल्यात विणकरांची सोसायटी आहे. बाबाराव तिचे सेक्रेटरी, माह्या घरचे गणपतराव तिचे सभासद. संक्रांत झाली की पहिल्या ऐतवारी सकाळच्या गाडीनं कामठीवरून रामटेकले जायचं, ठेसनातून निघून गडाच्या पायथ्यापायथ्यानं तलावापर्यंत चालायचं, झाडाखाली जेवायचं अन् संध्याकाळी वापस, असं त्याइनं ठरवलं. बाबारावनं कागदावर वाट बी काढली. एक रेघ, रेघेच्या टोकाले एक गोल, म्हणजे तलाव. झालं!

मी कपबशा देता देता ती रेघ पाहून राहिली. माह्यं माहेर तिथलं, गडाच्या पायथ्याचं. त्या वाटेवर मी लहानाची मोठी झाली. ती वाट काय एकट्या फिरणाऱ्याची आहे? तिच्यावरून गुरं जातात, बैलगाड्या जातात, दूधवाल्यांच्या सायकली जातात, देवाले जाणारे जातात, मोळीवाल्या जातात. नऊ वाजले की गावचा सारा कळप निघते, मंग धुळीत स्वतःचा हात दिसत नाई. अन् हे साहेब बरोबर नऊले वाटेले लागणार होते. दुपारी लाकडाच्या गाड्या उताराले लागतात, तिथीच बरोबर याइनं जेवाले बसायचं ठरवलं होतं.

मी म्हटलं, ठेसनावर चहापाण्यात वेळ घालवू नका, कळपाच्या आधी निघा, अन् फाट्यावर डावीकडची पांदण धरा, तिकडं गाड्या येत नाईत. बाबाराव हसले. म्हणे वहिनी, नकाशा आहे न आपल्याजवळ. नकाशा म्हणे! पोराच्या पाटीवरची रेघ बरी.

तरी मी राग गिळला. कारण मले जायचं होतं. लहानपणी त्या वाटेनं रोज गेली, पण रोज डोक्यावर मोळी. मोळी असली की मान वर होत नाई, नजर पायाखालीच. एवढा गड उशाशी, पण मी तो चालता चालता कधी डोळे भरून पाह्यला नाई. लग्नाले एकतीस वर्षं झाली. बाप गेला तसं माहेरी जायचं कारणच सरलं. मले एकदा, एकच वेळ, डोक्यावर काही न घेता त्या वाटेनं चालायचं होतं. मी तसं बोलून बी दाखवलं.

बाबाराव म्हणाले, बायांचं होणार नाई, जाऊन-येऊन चार मैल आहे. ते परके माणूस, त्याइचं सोडा. पण माह्या घरचे बशीतला चहा फुरकत म्हणाले, "हिले कुठी चालाची सवय आहे!"

माय वं! असं वाटलं, हातातली किटली तिथीच आपटावी. बावन साली मत द्याले नेलं तेव्हा दोन घंटे लाइनीत उभं केलं, तेव्हा बायांच्या पायाचं नाव कोणी काढलं नाई. तेव्हा पाय लोखंडाचे, अन् आता मेणाचे झाले?

ते गेल्यावर तो कागद ओसरीवरच राह्यला. मी चौथी शिकलेली आहे. वाचला. वर येणाऱ्यांची नावं, बारा. सारे बाप्ये. खाली सामान. सतरंजी, रुपराव. बादली-दोर, बाबाराव. अन् भाकरी, झुणका, ठेचा, बारा माणसांचा, अनुसयाबाई. म्हणजे मी. येणाऱ्यांत नाव नाई, पण चुलीपुढं आहे! पहाटे तीनले उठून बारा जणांच्या भाकरी मी थापायच्या, अन् गड याइनं पाहायचा.

दुसऱ्या दिवशी ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, करायचा होता. नव्या लुगड्यांचं सूत आलं होतं. आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत काठ्या रोवतात, चाळीस वारांचं अंतर. बाईनं हातात सूत धरून या टोकाहून त्या टोकाले जायचं, काठ्यांमधून धागा घालत. एका फेरीत दोन धागे. असे अठराशे धागे झाले की ताणा होते. तीन दिवस लागतात. हे काम माह्यं, लग्न झाल्यापासून.

काठ्या रोवून झाल्या. सूत ठेवलं. मी पायरीवर बसली.

घरचे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्याइनं विचारलं, काहून बसली वं? मी म्हटलं, मले चालाची सवय नाई.

आधी हसले. मंग चिडले. सूत दुपारच्या उन्हात ठेवता येत नाई, सोसायटीले माल वेळेवर द्यायचा, सारं बोलले. मी हलली नाई. शेवटी तेच उठले, धोतर खोचलं अन् सूत धरून निघाले. शेजारची कौशल्या माह्या बाजूले येऊन बसली. तिले काही सांगावं लागलं नाई. तिनं पदरातून चिंचोके काढले अन् दर फेरीले एक-एक बाजूले ठेवू लागली.

चाळीस फेऱ्या होईपर्यंत ऐटीत होते. साठ झाल्यावर पाणी मागितलं. ऐंशीले धागा तुटला, तर शिव्या धाग्याले. शंभरव्या फेरीले काठीले धरून उभेच राह्यले, मंग जमिनीवर बसले अन् तळपाय चोळू लागले. तेवढ्यात बाबाराव कालचा कागद घ्याले आले, तो मी त्याइच्या हाती दिला.

मी त्याइले म्हटलं, सेक्रेटरी साहेब, तुमचा हिशेब चांगला आहे. सतराशे साठ वारांचा एक मैल. चाळीस वारांच्या शंभर फेऱ्या म्हणजे किती? बाबारावनं ओठ हलवले. सव्वादोन मैल, म्हणाले. मी म्हटलं, ताण्याच्या दिवसात मी रोज तीनशे करते. तो बी करा.

त्याइनं केला, पण सांगितला नाई. कौशल्यानंच सांगितला. पावणेसात मैलाच्या वर. अन् मधात स्वयंपाक, पाणी, धुणं वेगळं.

मले वाटलं होतं, हे ऐकून माह्या जिवाले थंडावा येईल. उलट अजून भडका उठला. एकतीस वर्षं! इतके मैल चालली मी, अन् दोन काठ्यांच्या मधातच चालली. तेच सरळ रेघेत चालली असती, तर कितीदा रामटेक आलं असतं, कोण जाणे.

घरचे खालीच बसून होते. तळपायाले फोड आला होता. हळूच म्हणाले, "एवढं चालत होती, तर कधी बोलली काहून नाई?"

"बोलायचं काय त्यात? तुम्ही खड्ड्यात बसून राहत होते, दार उघडं राहत होतं. मी एकतीस वर्षं तुमच्या डोळ्यापुढूनच जाऊन-येऊन राहिली."

बाबाराव गल्लीच्या त्या टोकाकडं पाहू लागले. घरचे काठीले धरून उठले. मंग बाबारावच्या हातातला कागद मागून घेतला, पेन्सिल घेतली. बारा नावांखाली माह्यं लिहिलं, त्याखाली कौशल्याचं लिहिलं. मी म्हटलं, लिहिलं ते ठीक आहे, पण मी त्या वाटेवर डोक्यावर काही घेणार नाई, गाठोडं नाई, डबा नाई, काहीच नाई. घरच्याइनं भाकरीपुढचं माह्यं नाव खोडलं अन् तिथी आपलं लिहिलं.