चाल मोडू नका

"परत तेच गाणं! आता भिंतीसुद्धा माना डोलावतील," बेसिनपाशी दाढी करता करता नवरा पुटपुटला. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. आत मी सासूबाईंना आंघोळ घालत होते आणि गात होते.

गाणं त्यांचंच. पोरांना झोपवायला त्यांनी रचलेली अंगाई. विसरण्याच्या आजारानं त्यांची नावं नेली, नाती नेली, जेवल्या-न-जेवल्याची शुद्धही नेली. ही चाल तेवढी नजरचुकीनं मागे राहिली. संगीतोपचारवाल्या बाईंनी ती हुडकली आणि मला शिकवलं : समोर बसा, त्यांच्या श्वासाच्या लयीत गा, मग हळूहळू लय उतरवा. शब्द कुठलेही चालतील, चाल मोडू नका.

बेतानं वापरा, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण लागू पडलेलं औषध कोण बेतानं घेतं? मी वेणीला गायले, गोळ्यांना गायले, घासाघासाला गायले. आता गाणं थांबलं की सासूबाई माझी बाही घट्ट धरतात आणि किंचाळतात. म्हणून मी सगळं त्या चालीतच बोलते. "दूध उतू चाललंय" हेसुद्धा.

लेकीचे दिवस भरत आलेत. मला तिच्याकडे जायचंय. माझा आवाज फोनवर भरून पाहिला, तर सासूबाई मला पलंगाखाली शोधायला लागल्या. नवऱ्यानं गाऊन पाहिलं. "हा कोण रडतोय?" त्या म्हणाल्या.

रविवारी नणंद आली. "वहिनी, तुझ्या गळ्यात जादू आहे गं! तुझ्यावाचून आईचं पान हलत नाही."

"मग महिनाभर तू ने तिला," नवरा म्हणाला.

"तिसऱ्या मजल्यावर? लिफ्टशिवाय? आणि लेकीपाशी तिची सासू आहेच की. वहिनी, थोडी कळ काढ. होईल सगळं नीट."

"होईल, होईल," नवरा कपात बघत म्हणाला.

नीट म्हणजे काय होईल, हे कुणीच विचारलं नाही. सासूबाईंची मूठ माझ्या बाहीवर होती. मी त्यांच्यासमोर बसले, त्यांचा श्वास पकडला, लय उतरवली. त्या मान डोलवायला लागल्या. मग त्याच चालीत, एकेक शब्द स्वच्छ लावत, मी गायले :

"तुम्ही गेल्याशिवाय, आई, माझी सुटका नाही... आम्ही सगळे तुमच्या मरणाची वाट बघतोय..."